जावयाचा उजवा डोळा

२ सप्टेंबर, सोमवार

ही डायरी विमा एजंटने जानेवारीत दिली, तेव्हापासून कोरीच होती. आठ महिने लिहिण्यासारखं काही वाटलं नाही, आता वाटतंय. मी तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होते. जे दिसलं ते वेळ घालून लिहायचं आणि कुणी विचारलं की कागद पुढे करायचा, ही हाताची सवय आहे. जावयाच्या बाबतीत ती उपयोगी पडेल असं दिसतं.

ख्रिस्तोफर म्हणजे आमच्या फेथचा नवरा. लग्नाला तीन वर्षं झाली. माणूस मूळचा दौंडचा, सणसवाडीच्या एका कंपनीत मशीनवर असतो. दीड वर्षापासून दोघं इथे शिरूरला माझ्याच घरी राहतात. फेथ पतसंस्थेत आहे, ती सहाला येते. हा पहिल्या पाळीचा, सव्वाचारला घरात. म्हणजे रोज दोन तास तो आणि मी.

काल चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, भाकरीचा तुकडा आणि रसाचा प्याला. तो मंडळीचा सेवक आहे, म्हणजे पाळकसाहेबांच्या हाताखाली, आणि प्याल्यात उरलेलं ओतून द्यायचं नाही, सेवकाने पिऊन टाकायचं, अशी आमच्याकडची रीत. त्याने प्यायलं. घरी आल्यावर जेवायला न बसता मागच्या खोलीत जाऊन कडी लावली. पन्नास मिनिटांनी बाहेर आला तो उजवा डोळा लालभडक आणि पापणी उतरलेली. डावा मात्र स्वच्छ. म्हणाला, "वाढा आई, भूक लागली."

दारुडा ओळखायला मला यंत्र लागत नाही. फेथचे वडील सतरा वर्षं प्यायले आणि अठराव्या वर्षी त्यांना आम्ही मातीत ठेवलं. आज मागची खोली झाडायचं निमित्त करून सगळी पाहिली. ट्रंक, शिलाई मशीन, जुन्या गाद्या. बाटली नाही. पण बाटली सापडली नाही म्हणजे ती नसतेच असं नाही, हे मी सतरा वर्षांत शिकले आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

जुलैत त्याची उजवी वरची दाढ दुखत होती. मी स्वतः दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले दाढ चांगली आहे, मी म्हटलं काढा. काढली, तरी दुखणं तसंच. मग नाक गच्च होतंय म्हणाला, तर मी आठ दिवस वाफ दिली. आता म्हणतो डोळ्याच्या मागे दुखतं. दुखणं दाढेतून नाकात, नाकातून डोळ्यात! खोटं बोलणाऱ्याची गोष्ट अशीच जागा बदलत असते.

पण माणूस वाळत चाललाय हे खरं. माझं कर्तव्य मला कळतं. आजपासून कामावरून आला की एक ग्लास मनुकांचा रस द्यायचा. अंगाला लागेल.

हा रस माझ्या आईच्या हातचा. काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू, उकळून गार केलेलं पाणी. बरणीला फडकं बांधायचं आणि एकवीस दिवस उबेला ठेवायचं. बरणी कानाला लावली की आत कुजबुज ऐकू येते, मग आई म्हणायची, रस जागा झाला. चाळीस वर्षं मंडळीच्या मेजावर प्रभुभोजनाला माझाच रस असतो. बाजारच्या बाटलीत काय घालतात कोण जाणे, आणि या दया सिस्टरच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब येत नाही, हे अख्ख्या शिरूरला ठाऊक आहे. आमचे ऐंशी वर्षांचे पंच शलमोनमामा तर प्याला सगळ्यांपेक्षा जरा जास्तच तिरका करतात. म्हातारपणी जिभेला गोड लागतं.

९ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवार: ४:५५ ते ५:४०. शनिवार: ४:५० ते ५:४५. आज: ४:५२ ते ५:५०. सव्वाचारला रस घेतो, पाऊण तास होत नाही तोच मागच्या खोलीत, कडी. मी दाराबाहेर स्टूल टाकून बसते. वॉर्डात छातीला लावायचं माझं जुनं घड्याळ हातात असतं. आत पावलं वाजतात.

पूर्वी आठवड्यातून दोन-तीनदा असायचं, आता रोजचं झालंय. काल रविवार, सुट्टी, म्हणून रस जेवणानंतरच दिला, पाऊण वाजता. तर काल साहेबांची वेळही सरकली, दीडलाच आत! सुट्टीच्या दिवशी पिणारे लवकर सुरू करतात, यात नवल नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

त्याची डब्याची पिशवी तपासली. डोकेदुखीच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या, दोन रिकाम्या. आणखी काही नाही.

कोपऱ्यावरचा विश्वजीत त्याच्याच कंपनीत आहे, दोघं एकाच बसने जातात. त्याला गाठलं. म्हटलं, खरं सांग, हा घेतो का?

"दारू? काय काकू! त्यो तर पार्टीला बी येत न्हाय. मागल्या दिवाळीला सुपरवायझरनं जबरदस्ती एक घोट पाजला, तर अर्ध्या तासात पार्किंगला डोकं धरून लोळत हुता. तवापास्नं शिवला न्हाई."

एका घोटात लोळतो म्हणजे आधी किती घेतली असेल! विश्वजीतही त्यातलाच दिसतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

मागच्या खोलीच्या दाराच्या फळीला फट आहे. पाहू नये असं वाटलं, तेवढा वेळ थांबले आणि मग पाहिलं.

पिणारा माणूस बसतो नाहीतर पडतो. हा सहा पावलं तिकडे, सहा इकडे. मग ट्रंकेवर बसून पुढेमागे डोलतो, मुठीने उजव्या भुवईवर मारून घेतो, पुन्हा उठतो. उजव्या डोळ्यातून पाणी, उजव्याच नाकपुडीतून पाणी, कपाळाच्या उजव्या बाजूला घाम. डावी बाजू कोरडी ठणठणीत. एका डोळ्याने रडणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. नाटकही धड करता येत नाही याला.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय चाललं होतं?"

"डोकं दुखत हुतं, आई. आता गेलं."

"गेलं म्हणजे?"

"जातंय आपोआप."

चहाबरोबर चार खारी खाल्ल्या. अर्धशिशीचा माणूस अंधारात निपचित पडतो, त्याला उलट्या होतात, दिवा सोसत नाही. येरझाऱ्या घालत नाही, आणि तासाभराने खारी तर नक्कीच खात नाही. फेथच्या वडिलांचंही डोकं दुखायचं. दर सकाळी.

२४ सप्टेंबर, मंगळवार

स्वयंपाकघरातून दोघांचं बोलणं कानावर आलं. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण भांडी घासायची थांबवली.

फेथ म्हणत होती, "आईला नाही सांगायचं. तिला सहन व्हायचं नाही. चाळीस वर्षांची तिची अब्रू आहे मंडळीत."

तो म्हणाला, "मग मी काय करू? रोज प्यायचं आन् रोज मरायचं?"

"थोडं थोडं ओतून दे."

रोज प्यायचं! हे मी माझ्या कानांनी ऐकलं. माझी लेकही सामील आहे, आणि तिला माझ्या अब्रूची काळजी आहे. मीसुद्धा फेथच्या वडिलांच्या बाटल्या अशाच लपवायची. फेथ तेव्हा दोन वर्षांची होती, तिला कुणी शिकवलं?

२५ सप्टेंबर, बुधवार

जास्वंदीच्या कुंडीत मुंग्यांची रांग. माती हुंगली तर माझाच रस! म्हणजे मी पाठ फिरवली की ग्लास कुंडीत. माझं नको, कारण पोटात दुसऱ्यासाठी जागा ठेवायची.

आज ग्लास दिला आणि समोर खुर्ची घेऊन बसले.

"माझ्यासमोर घ्या."

तो ग्लासाकडे बघत राहिला. "आई, आज राहू द्या."

"का? प्रभूच्या मेजावर चालतो आणि माझ्या हातून चालत नाही?"

एका दमात प्यायला. ग्लास स्वतः विसळून पालथा घातला आणि सरळ मागच्या खोलीत गेला. अजून काही सुरूसुद्धा झालेलं नव्हतं. ४:१८ ला रस, ४:५३ ला पावलं. आधीच जाऊन बसतो म्हणजे ठरवूनच बसतो. आज भिंतीवर काहीतरी आपटत होतं. ६:०५ पर्यंत चाललं. मी स्टुलावरून हलले नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

आज सगळ्यांच्या देखत झालं. प्याला आमच्या बाकावर आला, ख्रिस्तोफरने ओठांना न लावता फेथकडे दिला. सेवक असून! मनात पाप असेल त्याने प्याला घेऊ नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मागच्या बाकापर्यंत माना वळल्या. निदान देवाला तरी भितो म्हणायचा.

उपासनेनंतर मी पाळकसाहेबांकडे गेले आणि ही वही उघडून वेळा वाचून दाखवल्या. शलमोनमामाही बसले होते.

पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, त्याला विचारलंत का?"

"पिणाऱ्याला विचारून काय मिळतं?"

शलमोनमामा खोकले. "सिस्टर, घाई नगा करू. पोरगं निर्व्यसनी हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

ते काहीतरी बोलणार होते, पण छताकडे बघत बसले. पुरुष पुरुषाला झाकतो. शेवटी ठरलं, चौकशी होईपर्यंत ख्रिस्तोफरची सेवा बंद.

७ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी दोघांना समोर बसवलं. म्हटलं, कबूल करा, व्यसन सोडवायच्या उपचाराला चला, नाहीतर हे घर माझं आहे.

"आई, मी दारू पीत न्हाई."

"मग तो डोळा?"

"माझ्या हातात असतं तर काढून दिला असता तुम्हाला तो डोळा."

फेथने बोलायला तोंड उघडलं, तर त्याने तिचा हात दाबला. मग पिशवी भरून दौंडला गेला, बहिणीकडे. फेथ रडली नाही. म्हणाली, "शनिवारी मी जाणार. परत येईन असं धरू नकोस." एकुलती एक लेक माझी. मी तिला तिच्या बापापासून वाचवून वाढवलं, आणि ती तसल्याच माणसामागे निघाली. दोघी एका घरात आहोत, पण तीन शब्द बोललेलो नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दौंडहून मोनिकाचा फोन. ती ख्रिस्तोफरची धाकटी बहीण.

"मावशी, दादा लई बेकार करतोय. दुपारचं भितीवर डोकं आपटून घेतो. आमचे ह्ये धराया गेले तर म्हणला, सोड, एकदाचं संपू दे. मला भ्या वाटतंय. घरामागंच रूळ हायती."

मी म्हटलं, "दारू तुटली की असंच होतं. हात कापतात का बघ."

"अवो मावशी, हितं आल्यापास्नं पान्याबिगर काय घेतलं न्हाई त्यानं! कामाला बी गेला न्हाई!"

भाऊ आहे, ती झाकणारच. फोन ठेवला, तरी तो रूळ कानातून जाईना. शनिवारी फेथबरोबर न सांगता जायचं आणि डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दौंड

दसरा. झेंडूच्या माळा घातलेली एसटी, न्हावऱ्यापर्यंत उभ्याने. अकराला पोचलो. मला दारात पाहून ख्रिस्तोफर खाटेवरून उठला.

मी म्हटलं, "तोंड उघडा." उघडलं. चहाचा वास, दुसरा कुठलाच नाही. मग मी त्याची पिशवी पाहिली, कपाट पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे हात घालून पाहिला. मोनिका पदर तोंडाला लावून बघत होती. अकरापासून मी त्याला नजरेआड होऊ दिलं नाही, संडासच्या दाराबाहेरसुद्धा उभी राहिले. पाणी, भाकरी, डाळ. बस्स.

४:२० ला सुरू झालं. या वेळी मी आत होते.

उजवी पापणी उतरली, बाहुली डावीपेक्षा बारीक झाली, डोळा भरून आला. हे ठरवून कुणालाच करता येत नाही. नाडी बघायला हात धरला, तर त्याने माझं मनगट धरलं आणि सोडेना. तीस वर्षं मी कळा पाहिल्या. खरी कळ आणि आणलेली कळ मला कळते. ओरडण्यावरून नाही. कळ जराशी ओसरली की बाई तुमच्याकडे ज्या नजरेने बघते, त्यावरून. तो तसाच बघत होता.

मी चुकले असं अजून लिहीत नाही. दारू नाही, एवढं लिहिते. पण मग हे काय आहे? मेंदूत गाठ तर नसेल? महिनाभर मी दारू शोधत बसले आणि आत गाठ वाढत असली तर? 

१४ ऑक्टोबर, सोमवार. दौंड

इथल्या एका दवाखान्यात दर सोमवारी पुण्याहून मेंदूविकाराच्या डॉक्टर येतात. डॉक्टर समृद्धी. पोरसवदाच आहे. तिच्या वयाच्या डॉक्टरांना मी सलाईन लावायला शिकवलंय.

तिने विचारलं, "कधी दुखतं, किती वेळ?"

तो म्हणाला, "रोजच, मॅडम. टायमाचं नक्की न्हाई सांगता येत."

फेथ म्हणाली, "आईकडे सगळं लिहिलेलं आहे."

वही पर्समध्ये होती. मी नुसत्या वेळा वाचायला लागले. डॉक्टर म्हणाली, "नाही, काय दिसलं तेही वाचा. पूर्ण." मग वाचलं. फट. स्टूल, घड्याळ. एका डोळ्याने रडणारा माणूस. नाटकही धड करता येत नाही. बाटली, पाप, सगळं. माझाच आवाज मला परका वाटत होता. ख्रिस्तोफर स्वतःच्या चपलांकडे बघत होता. डॉक्टर भराभर लिहून घेत होती.

मग तिने पेन ठेवलं. "ही क्लस्टर डोकेदुखी. अर्धशिशी नाही, सायनस नाही, दाढ तर नाहीच. वर्षातल्या ठरावीक काळात काही आठवडे, कधी काही महिनेही येते, बहुतेक ठरल्या वेळेला, एकाच बाजूला. त्याच बाजूचा डोळा, त्याच बाजूचं नाक. माणूस एका जागी बसूच शकत नाही. का होते ते पूर्ण कळलेलं नाही, पण याहून भयंकर दुखणी फार थोडी आहेत. गाठ नाही ना, म्हणून एकदा एमआरआय करू, पण मला तसं वाटत नाही." मग माझ्याकडे वळली. "सिस्टर, असं टिपण मला कुणी आणून देत नाही. यावरूनच निदान झालं. फक्त एक गोष्ट यात नाही. दुखतं किती, हे कुठेच नाही. कुणी विचारलं नाही का?"

पंखा फिरत होता. मी वहीची पानं उलटत राहिले.

पुढे म्हणाली, "हा काळ चालू असताना दारूचा घोटही चालत नाही. अर्ध्यापाऊण तासात झटका येतो."

मी म्हटलं, "आमच्या घरात दारू नसते."

"हा रोजचा रस कसा करता?"

मी कृती सांगितली. मनुका, साखर, गहू, एकवीस दिवस. फेथ खिडकीबाहेर बघायला लागली.

"सिस्टर, ही वाईन आहे."

"ती प्रभुभोजनाची आहे," मी म्हटलं.

"असेल. तुमच्याच वहीत बघा ना. सव्वाचारला रस, पाच वाजायच्या आत झटका. रविवारी पाऊणला रस, तर दीडला झटका. आजार तुमच्या रसाने झालेला नाही, तो त्याचा आहेच, परवा रसाशिवायही आला. पण रोजचा ग्लास आगीत तेल घालत होता."

उपाय असा. झटका सुरू होताच ऑक्सिजन, पूर्ण जोराने, पिशवीच्या मास्कमधून, पंधरा मिनिटं. साध्या गोळ्या पोटात विरघळेपर्यंत झटका संपलेला असतो, म्हणून त्या निरुपयोगी. झटके येऊच नयेत म्हणून वेगळी गोळी, तीही हृदयाचा आलेख काढून.

रसाबद्दल ती बोलली ते मात्र मला पटलेलं नाही. तिशीतली पोर. तिने कधी गव्हाचा दाणा तरी भिजवला असेल का?

१७ ऑक्टोबर, गुरुवार. शिरूर

प्रयोग. रसात दारू नाही हे सिद्ध करायचं. पोट रिकामं.

११:०० एक ग्लास. नाडी ७६. मेजावर मी ओठ ओले करण्यापुरताच घेते. ग्लासभर आयुष्यात पहिल्यांदा.

११:२० दुसरा ग्लास. नाडी ८८. कान गरम. हवाच गरम आहे.

११:४० गिताबाई भाजी घेऊन आली. तिला माझ्या लग्नाची हकीकत सांगितली. तिने विचारली नव्हती. दोन जुड्या मेथी घेतली, मला मेथी आवडत नाही.

१२:०० यांचा फोटो भिंतीवर आहे. त्यांना म्हटलं, अहो, तुम्हाला निदान ठाऊक तरी होतं तुम्ही काय पीत होता. मग खूप रडू आलं. दोन्ही डोळ्यांनी.

१२:२० अक्षर रेघेवर राहत नाही. दारू आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कालचं पान फाडणार होते, फाडलं नाही. तिन्ही बरण्या मोरीत ओतल्या. फेथला फोन करून विचारलं, "कुंडीत ओतायचा तो हाच ना?" तिने हो म्हटलं. मग म्हणाली, "त्याला कळलं होतं आई, कधीच. तुझा अपमान होईल म्हणून पीत राहिला." औषध लागू पडतंय म्हणाली. पण दोघं इकडे येणार नाहीत. सणसवाडीत खोली बघतायत.

डोकं दुखतंय. सगळीकडून.

३ नोव्हेंबर, रविवार

प्रभुभोजनाला आज ताज्या द्राक्षांचा रस, सकाळी पिळलेला. पाळकसाहेबांची परवानगी घेऊन मी पुढे उभी राहिले. 

म्हटलं, "ख्रिस्तोफर पीत नव्हता. पाजत मी होते, त्यालाही आणि तुम्हालाही. चाळीस वर्षं. मला कळलं नाही. पण त्याचं नाव मी तुमच्या देखत घालवलं, म्हणून तुमच्या देखतच परत करते."

 मग शलमोनमामा काठी टेकत उठले.

"सिस्टर, बसा. आमाला ठावं हाय. पैल्या बरणीपास्नं ठावं हाय. पर सांगायचं कुनी? तुमी हितंच हुबं ऱ्हाऊन दारूवर आसं कडाडून बोलायच्या, आन् आमी प्याला घेऊन आमेन म्हणायचो."

आधी बायकांच्या बाजूने एक हसली, मग सगळी मंडळी हसली. पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. माझ्यावर राग कुणालाच नव्हता. मला हसता आलं नाही. एवढ्या माणसांना माहीत होतं आणि एकाचीही मला सांगायची छाती झाली नाही. माझ्या पोटच्या पोरीची झाली नाही. मी अशी बाई आहे, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

९ नोव्हेंबर, शनिवार

फेथने बोलावलं नव्हतं, पण येऊ नको असंही म्हणाली नाही. सणसवाडीला गेले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. जिन्यात कंपनीतल्या पोरांच्या चपलांचा ढीग, त्यातल्या एकाने "अम्मा, ऊपर बायीं तरफ" म्हणून दाखवलं. कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला. झटके आता आठवड्यातून दोनच येतात, फेथ म्हणाली, आणि हा काळ ओसरत आलाय.

आज आला. ४:५१. फेथने आधी शेगडी बंद केली. तो खुर्चीत पुढे वाकून बसला. माझा हात सवयीने मास्ककडे गेला, मग मी थांबले. "मी लावू?" त्याने मान हलवली. लावला, चावी सोडली, पिशवी फुगली. डोळा लाल झाला, पाणी आलं, पाय आपटत राहिले. नवव्या मिनिटाला पाय थांबले. ५:०४ ला त्याने स्वतः मास्क काढला.

डॉक्टरने आता शून्य ते दहा असा आकडा लिहायला सांगितलाय. वही माझ्याजवळ होती. विचारलं, "किती होतं?"

"सुरवातीला सात. आता काय न्हाई."

सात लिहिलं. मग राहवेना. "आणि त्या दिवशी? मी समोर बसवून पाजलं तेव्हा?"

तो मास्कची पट्टी बोटाला गुंडाळत बसला. "त्ये दहात बसत न्हाई, आई." मग म्हणाला, "एक सांगू? तुम्ही रोज दाराबाहेर स्टूल टाकून बसायच्या ना. मला आतनं दाराखाली तुमच्या पायाची सावली दिसायची. वाटायचं, आई तासभर आपल्यासाठी बसून हायती. त्या सावलीकडं बघत मी ते काढायचो. डॉक्टरकडं तुम्ही वाचून दाखवलं, तवा कळलं कशापायी बसायच्या."

रागाने नाही बोलला. 

मी सिलिंडरची चावी बंद केली, दोनदा तपासली. फेथने मग चहा केला, आम्ही तिघांनी प्यायला. निघताना दारात विचारलं, "उद्या येऊ का?"

"या," तो म्हणाला. "पण आत बसा."